पाचवा खांब

गेल्या डिसेंबरात सलग चार दुपारी मी आमच्या गावच्या घरासमोर घडीच्या स्टुलावर बसून काढल्या. मांडीवर लाकडी पाट, त्यावर चिमट्यांनी लावलेला जाड कागद, हातात काळ्या शाईचा पेन आणि पायाशी पाण्याने भरलेली लोणच्याची जुनी बरणी. येणारेजाणारे थांबायचे. एकाने विचारलं, "मोजणीला आलात का बाई?" म्हटलं, "नाही, चित्र काढतेय." "या पडक्या घराचं?" असं म्हणून तो हसत पुढे गेला.

घर पडकंच होतं. मुरुड तालुक्यातलं आमचं गाव समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा आमची अर्धी कौलं उडाली आणि मागच्या वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या. मुरुड-श्रीवर्धनकडच्या वाचकांना ते दिवस वेगळे सांगायला नकोत. कौलं पुन्हा चढवता आली असती. पण खर्च कोणी करायचा यावरून आम्ही अब्बांची मुलं आणि चाचांची मुलं यांच्यात जे बिनसलं, ते सांधलंच नाही. शेवटी रमजान ईदनंतर घर उतरवायचं आणि जागा विकून हिस्से करायचे, असं ठरलं.

मुलगा म्हणाला, "अम्मी, फोटो काढून ठेव ना. पाच मिनिटांचं काम." फोटो मी काढले होते, चांगले साठेक असतील. ते फोनमध्ये पडून होते. पण ज्या घरात आपण चालायला शिकलो, त्याचा निरोप पाच मिनिटांत घ्यावा, हे मनाला पटेना.

चित्रकलेचं वेड मला लहानपणापासून. आमच्या दादीचा त्याबाबत एकच नियम होता: झाडं काढ, घरं काढ, होड्या काढ, पण जीव असलेलं काही काढू नकोस. या प्रश्नावर आलिमांमध्ये बरीच चर्चा आहे, त्यात मी पडत नाही. दादीचा शब्द मात्र मी पाळला. इंटरमीजिएटच्या परीक्षेत स्मरणचित्रात बाजार काढायचा होता, तेव्हा माझ्या बाजारातली सगळी माणसं पाठमोरी होती! तरी 'ब' श्रेणी मिळाली. मग लग्न होऊन पनवेलला आले, शाळेत नोकरी लागली, मुलं झाली, आणि रंगांची पेटी कधी माळ्यावर गेली ते कळलंही नाही. ती खाली आली ती मी निवृत्त झाल्यावर. पुण्याचे चित्रकार मिलिंद मुळीक यांची पुस्तकं समोर ठेवून मी नव्याने हात बसवायला घेतला आणि त्यातून पेन आणि वॉशच्या नादी लागले. आधी पेनाने रेषा काढायची आणि तिच्यावर पातळ रंगाचा किंवा पाणी घातलेल्या शाईचा हात फिरवायचा, एवढीच ही पद्धत. सामान पिशवीत मावतं आणि तासा-दोन तासांत चित्र होतं, म्हणून ती घराबाहेर बसून काढायला सोयीची.

पहिल्या खेपेला फजिती झाली. शाळेत वह्या तपासायला वापरायचे त्याच पेनाने मी पनवेलच्या तळ्याकाठी बसून एक चित्र काढलं. वर ओला ब्रश फिरवला आणि बघता बघता सगळं चित्र निळ्या डबक्यात बुडालं. लिहायची साधी शाई पाण्यात विरघळते. या कामाला वाळल्यावर पाण्याने न हलणारी शाई लागते. एक रेघ ओढावी, वाळू द्यावी आणि ओलं बोट फिरवून बघावं, म्हणजे कळतं. बाटलीतली पक्की काळी शाई साध्या फाउंटन पेनात भरू नये, पेन कायमचा तुंबतो. तिला बुडवायचा टाकच बरा.

काळी शाई म्हणजे मुळात काजळी आणि गोंद. आपल्या खुशनवीसांची शाईही तीच. इस्तंबूलची सुलेमानिया मशीद १५५७ साली पुरी झाली. तिथे दिव्यांचा धूर एका खोलीकडे वळवून तिथली काजळी शाईसाठी गोळा करायची सोय सिनान या वास्तुकाराने केली होती, असं सांगतात. आमच्या घरातही कंदिलांच्या काजळीने काळी पडलेली आढी होती. त्याच काळ्या रंगाने मी आता ते घर कागदावर उतरवणार होते.

पहिल्या दिवशी दोन वाजता बसले. आधी छप्पराचा उतार, मग जांभ्याचं जोतं, मग पडवीचे चार खांब. घर पश्चिमेला तोंड करून आहे. त्यामुळे दुपारी पडवीत काळोख असतो. तो काळोख मी एकाच गडद वॉशने भरून टाकला. दुसऱ्या दिवशी कौलं घेतली. प्रत्येक कौल काढायचं नसतं, चार ठिकाणी नीट काढली की बाकीची डोळा स्वतः भरून घेतो. उडालेल्या कौलांच्या जागी कागद कोरा ठेवला. या पद्धतीत पांढरा रंग वापरत नाहीत, उजेड म्हणजे न रंगवलेला कागद. समुद्राच्या हवेत वॉश लवकर वाळत नव्हता. घाईने दुसरा हात दिला, तर कोबीच्या फुलासारखा डाग उठला.

शेजारच्या घरात माझा चुलतभाऊ राहतो. तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. पहिल्या दिवशी तो खिडकीतून बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने मुलाच्या हाती चहा पाठवला. मी घेतला.

तिसऱ्या दिवशी निघायला उशीर झाला. अस्र पढून चारला बसले. सूर्य खाली आला होता आणि ऊन वळचणीखालून थेट पडवीत शिरलं होतं. मी काळ्याने भरलेल्या जागेत आता भिंत दिसत होती, कोनाडा दिसत होता, झोपाळ्याच्या कड्या दिसत होत्या. आणि एक खांब दिसत होता. समोरच्या चार खांबांच्या मागे, झोपाळ्याच्या तुळईखाली. चित्रात तो नव्हता. माझ्या आठवणीतही नव्हता. फोनमधले फोटो काढून पाहिले. सगळे भर दुपारचे, पडवी काळीकुट्ट.

उठून जवळ गेले. बाकीचे खांब सागाचे, गोल घडवलेले. हा चौकोनी, पिवळसर, फणसाचा. मी हात लावून बघत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"आपा, काय शोधतेस?"

"हा खांब कधीचा रे?"

"तुझ्या लग्नानंतरचा. झोपाळ्याची तुळई खचली होती. अब्बा म्हणाले, झोपाळ्याशिवाय दादीला करमायचं नाही. मागचा फणस पाडला आणि सुताराबरोबर बसून त्यांनी स्वतः रंधा मारला. मोठे अब्बा तेव्हा बहारीनला होते."

मी काही बोलले नाही. बोलणार काय? या वादात आमच्या बाजूचं एकच म्हणणं होतं आणि ते सर्वांत जास्त वेळा मीच म्हटलं होतं: घर उभं राहिलं अब्बांच्या बहारीनच्या पैशावर, चाचांनी त्याला एक खिळाही ठोकला नाही. लग्नानंतर मी दर सुट्टीत इथे येत होते. त्याच झोपाळ्यावर बसून, त्याच खांबाला टेकून मी मुलांना भरवलं असेल. पण मला तो कधी दिसला नाही. चाचा आता या जगात नाहीत, अल्लाह त्यांची मगफिरत करो. त्यांना सांगायचं ते राहूनच गेलं.

पेनाची रेघ खोडता येत नाही. काळ्या वॉशमधून खांब बाहेर काढायला माझ्याकडे उपाय नव्हता. चौथ्या दिवशी मी नवा कागद घेतला. मुद्दाम चारलाच बसले. आधी उन्हाची आणि सावलीची हद्द पेनाने हलकेच आखून घेतली, कारण तासाभरात ती हलणार होती. मग पाचवा खांब काढला, आणि बाकीचं घर त्याच्याभोवती. पडवीत फिकट वॉश दिला, तो पुरता वाळू दिला, मग फक्त कोपऱ्यात गडद हात. झोपाळा रिकामाच ठेवला. दादीचा नियम मोडला नाही, पण त्या झोपाळ्यावर कोण बसायचं हे आमच्या घरातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

त्या रात्री भाईजानना फोन करून खांबाचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मलाही आठवत नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "पण तू बघितलास ना?" म्हटलं, "हात लावून बघितला."

म्हणून घर वाचलं असं नाही. कागद झाले होते, ईदनंतर ते उतरलं. हिस्सेही ठरले तसेच झाले. फरक पडला तो एवढाच की सह्यांच्या दिवशी दोन्ही घरची माणसं एका दस्तरखानावर जेवली. ते चित्र मी चुलतभावाला दिलं. चुकलेलं, चार खांबांचं मी ठेवून घेतलं. त्याने चित्र हातात घेतलं, बोट ठेवून खांब मोजले, आणि काही न बोलता ते आत नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी फणसाचा तो खांबही त्याने लाकूडवाल्याला न देता आपल्या अंगणात आणून ठेवला.

वाचक भगिनींनो, आपल्यापैकी अनेकींच्या गावी असं एखादं घर असेल, आज ना उद्या उतरणारं. हात चांगला असण्याची अट नाही. पक्क्या शाईचा एक पेन घ्या, जाड कागद घ्या आणि त्याच्यासमोर बसा. एकदा दुपारी बसा आणि एकदा ऊन कलल्यावर. आणि शेजारच्या घरातून चहा आला, तर नको म्हणू नका.