कोणती देऊ, भो?



डिसेंबर उजाडला की आमच्या खानदेशात दोन गोष्टी एकदमच बाहेर येतात. कपाटातले स्वेटर आणि शेतातल्या भरीत पार्ट्या. ज्यांनी जळगावकडची भरीत पार्टी पाहिलेली नाही त्यांचं जरा वाईटच वाटतं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, वर कांद्याची पात, मिरची-लसूण, सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या, आणि केळीच्या बागेतली ती बोचरी थंडी. आता थंडी म्हटली की कुणीतरी हळूच 'आणायची का?' विचारतोच. आणि आमच्याकडे थंडीत 'आणायची' म्हणजे रमच. व्हिस्कीचं नाव काढलंत तर लोक तुम्हाला पुण्याहून आलेला समजतात. (मी पुण्याहूनच येतो, पण ते असो.)

मग कुणीतरी गाडी काढतो, वाईन शॉपच्या जाळीसमोर उभा राहतो, आतून प्रश्न येतो, "कोणती देऊ, भो?" आणि हा मला फोन लावतो. ग्रुपमध्ये रमबद्दल वाचणारा मी एकटाच, त्यामुळे हे सपोर्टचं तिकीट कायम माझ्याच नावावर. तर या शनिवारी एकदाच सगळं लिहून टाकतो. पुढच्या वेळी फोन नको, लिंक पाठवीन :)

मळीची गोष्ट

रम उसाची. ऊस गाळला, रस आटवला, साखर वेगळी काढली की मागे जो काळा, घट्ट, आंबूस-गोड पदार्थ उरतो ती मळी. एक टन उसातून साधारण ४०-४५ किलो मळी निघते, आणि एक टन मळी आंबवून ऊर्ध्वपातन केली की २२०-२५० लीटरच्या आसपास मद्यार्क. साखर कारखान्याच्या शेजारून एसटीने गेलेल्या प्रत्येकाला हा वास माहीत असतो. आमच्याकडे फैजपूरचा मधुकर कारखाना, साक्रीकडचा पांझरा-कान ही नावं ऐकतच आमची पिढी मोठी झाली. पांझरा-कानची चिमणी थंड पडूनही बरीच वर्षं झाली. नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरचं उदाहरण तर सरळच आहे. १९३३ साली साखर कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी आज ओळखली जाते ती मद्यासाठी.

गंमत बघा. ऊस आपल्याकडे हजारो वर्षांपासून. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत तो कॅरिबियन बेटांवर नेला. तिथे गुलामांच्या घामावर ऊसमळे उभे राहिले, मळीची रम झाली, इंग्रजांच्या आरमारात ती रोजच्या शिध्यात गेली (हा शिधा थेट ३१ जुलै १९७० ला बंद झाला). मग तीच रम इंग्रजांबरोबर आपल्या छावण्यांत आली. आणि आज आपल्याच उसाच्या मळीपासून, आपल्याच देशात बनलेल्या बाटलीला सरकारी भाषेत काय म्हणतात? 'भारतीय बनावटीचं विदेशी मद्य'. आता बोला.

प्रकार किती?

पुस्तकी वर्गीकरण भरपूर आहे. दुकानासमोर उभं असताना एवढं पुरे:

पांढरी रम. रंग नाही, चव हलकी. सगळ्यात माहितीतलं नाव बकार्डी. १८६२ साली क्युबातल्या सांतियागोत सुरू झालेली, बाटलीवर वटवाघूळ असलेली. बऱ्याच पांढऱ्या रम पिंपात मुरवूनही नंतर कोळशातून गाळून रंग काढलेल्या असतात. लिंबू, पुदिना, सोडा यात ती खुलते. नुसती पिण्यात मजा नाही.

सोनेरी रम. थोडा काळ लाकडी पिंपात राहिलेली. मधली वाट. पाण्याबरोबरही चालते, सोड्याबरोबरही.

काळी रम. आपली. भारतात रम म्हणजे हीच. ओल्ड मंक १९५४ पासून आहे, मोहन मीकिनची. या कंपनीचं मूळ कसौलीच्या ब्रुअरीत. जाहिरात जवळजवळ नाही, तरी दोन पिढ्यांच्या होस्टेलांत पोचली. कंपनी वाढवणारे ब्रिगेडियर कपिल मोहन २०१८ च्या जानेवारीत गेले. ते स्वतः दारू पीत नसत म्हणे. खपाच्या बाबतीत मॅकडॉवेल्स सेलिब्रेशन जगातल्या सगळ्यात जास्त विकल्या जाणाऱ्या रमपैकी एक. फौजी कँटीनमधली हर्क्युलीस आणि कॉन्टेसा तुम्हाला एखाद्या फौजी काका-मामाकडेच दिसणार.

मसाल्याची रम. कॅप्टन मॉर्गन वगैरे. व्हॅनिला, दालचिनी असलं काही घातलेलं. गोड. पहिल्यांदा पिणाऱ्याला आवडते, तिसऱ्यांदा कंटाळा येतो. (माझं मत.)

उसाच्या रसाची रम. ही मळीची नाही, थेट ताज्या रसाची. फ्रेंच लोकांच्या मार्टिनिक बेटावर हिला १९९६ पासून वाईनसारखा भौगोलिक दर्जा आहे. ब्राझीलची काशासा हीच्याच भावकीतली. वास चक्क रसवंतीचा येतो. आता भारतातही कामिकारासारख्या रसापासूनच्या रम निघाल्या आहेत. गोव्याची 'माका झाय' हे भारतीय रममधलं आणखी एक नाव. कोकणीत अर्थ 'मला हवी'. नाव ठेवणाऱ्याला सलाम.

लेबल कसं वाचायचं

आम्ही कोड रिव्ह्यू करतो तसं लेबल रिव्ह्यू करा. कव्हरवर नाही, बारीक अक्षरांत माहिती असते.

१. तीन एक्स म्हणजे काही नाही. तो दर्जाचा शिक्का नाही, छापायची पद्धत आहे.

२. रंगावर जाऊ नका. जास्त काळी म्हणजे जास्त मुरलेली हे आपल्याकडे सर्रास समजतात. कॅरमेल घालून कोणतीही रम पाहिजे तेवढी काळी करता येते.

३. वय लिहिलेलं असेल तर ते कसलं ते बघा. जमैका, बार्बाडोस इथल्या बाटलीवरचा १२ चा आकडा मिश्रणातल्या सगळ्यात तरुण रमचा असतो. पण 'सोलेरा' पद्धतीच्या बाटलीवर मोठा आकडा दिसला तर तो सगळ्यात म्हाताऱ्या थेंबाचा असू शकतो. ग्वाटेमालाच्या झकापा २३ मध्ये ६ ते २३ वर्षांच्या रम असतात.

४. वयाची तुलना हवामान बघून करा. पिंपातून दरवर्षी थोडी दारू उडून जाते. स्कॉटलंडमध्ये दोनेक टक्के, बंगळुरात दहा-बारा टक्क्यांपर्यंत. उष्ण हवेत मद्य लवकर मुरतं, आणि लवकर संपतंही. जळगावच्या मे महिन्यात, ४५ डिग्रीला पिंप ठेवलं तर काय उरेल याचा हिशेब तुम्हीच करा.

५. ४२.८ टक्के हा विचित्र आकडा कुठून आला? जुन्या ब्रिटिश मापात ७५ प्रूफ म्हणजे ४२.८ टक्के. इंग्रज गेले, माप राहिलं.

घरी आणल्यावर एक सोपी परीक्षा. चमचाभर रम तळहातावर चोळा, सुकू द्या, मग वास घ्या. गूळ, मनुका, लाकूड, कॉफी असं काही मागे रेंगाळलं तर बरी आहे. नुसता दवाखान्यातल्या स्पिरीटचा वास येऊन गायब झाला तर थम्सअप आणा.

पैशांचं म्हणाल तर जून २०२५ मध्ये राज्याने उत्पादन शुल्क वाढवलं आणि विदेशी मद्याच्या १८० मिलीची किमान किंमत २०५ रुपये ठरली. त्यामुळे 'स्वस्तात मस्त' हा प्रकार आता तसाही अवघड झालाय. माझा सल्ला: कोलात घालायची असेल तर नेहमीची काळी रम घ्या, महागडी बाटली त्यात बुडवू नका. पाण्याबरोबर प्यायची असेल तर महिन्यात दोन हाफऐवजी दोन महिन्यांत एक चांगली घ्या.

'चांगली' म्हणजे काय रे?

आता जरा वेगळं.

आमच्या घरी दारूचा विषय निघत नाही. धुळ्याचे माझे काका, वडिलांचे धाकटे भाऊ, ४४ व्या वर्षी लिव्हरने गेले. मी दहावीत होतो. आग्रा रोडवरून मला खांद्यावर बसवून गणपती दाखवायला नेणारा माणूस शेवटच्या वर्षी पिवळा पडला होता आणि पोट फुगलेलं होतं. ते देशी प्यायचे. त्यामुळे नंतर घरात एक सिद्धांत तयार झाला, बोलून न दाखवलेला: हलकी दारू प्यायला म्हणून गेला.

मागच्या दिवाळीत चाळीसगावच्या मामांसाठी मी एक बाटली आणली होती. आईने बॅग आवरताना ती काढली, लेबल बघितलं आणि विचारलं, "ही चांगली का रे भाऊ?"

म्हटलं, हो, चांगली आहे.

"मग तुझ्या काकांची वाईट होती?"

मी इंजिनीअर माणूस. मी तिला हिशेब सांगितला. आपल्याकडची देशीही बहुतेक त्याच मळीच्या मद्यार्काची. आणि तीही ४२.८ टक्केच. रम मुरवलेली असते, चव असते, वास असतो, पण लिव्हरला यातलं काही कळत नाही. त्याला फक्त मद्यार्काचे ग्रॅम कळतात. ६० मिलीच्या एका लार्ज पेगमध्ये साधारण २० ग्रॅम. एका क्वार्टरमध्ये ६०. आणि लिव्हर तासाला निपटवतं ७ ते १० ग्रॅम. म्हणजे एक क्वार्टर उतरायला सहा ते नऊ तास. काका दिवसाला दोन प्यायचे.

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तो हीच प्यायला असता, तरी गेला असता."

हो.

"आणि तू किती पितोस?"

खरं ते सांगितलं. तिने बाटली परत पेपरात गुंडाळली आणि म्हणाली, "मामांना दे. बाबांसमोर काढू नको."

मामा फौजेतून रिटायर झालेले. त्यांचं पिणं म्हणजे एक कार्यक्रम असतो. ६० मिली, तेवढंच कोमट पाणी, एक ग्लास, एक तास. झाकण लावून बाटली कपाटात, किल्ली मामींकडे. दुसरा पेग मी तरी कधी पाहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलंय की मद्याचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. म्हणजे मामांचं तेही शून्य धोक्याचं नाही. पण काकांचं आणि त्यांचं अंतर बाटलीच्या किमतीत नव्हतं, एवढं मला त्या दिवशी आईला सांगताना स्वतःलाच नीट कळलं. त्यामुळे वरचा सगळा सल्ला चवीपुरता समजा. चांगली रम ही चवीला चांगली असते, तब्येतीला नाही.

जाळीसमोर उभं राहण्याआधी

वाईट बाटली मात्र खरंच असते. आमचा भाग सीमेचा. वर मध्य प्रदेश, बाजूला दारूबंदीचा गुजरात. 'तिकडची आहे, स्वस्तात आहे' म्हणून हायवेवरच्या ढाब्यामागे मिळणारा माल घेऊ नका. एकतर तो बेकायदेशीर, दुसरं म्हणजे आत काय आहे ते कुणालाच माहीत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. मेथनॉल वासाने, चवीने ओळखता येत नाही. पेटवून निळी ज्योत बघायची वगैरे युक्त्या सांगतात, त्या खोट्या. प्यायल्यानंतर काही तासांनी, किंवा दुसऱ्या दिवशी, कुणाला अंधुक दिसायला लागलं, पोटात दुखून उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरात चालू झाला, तर 'उतरली नाही अजून' म्हणत झोपवू नका. सरळ मोठ्या दवाखान्यात न्या आणि काय प्यायला ते डॉक्टरांना न लाजता सांगा. वेळेत उपचार मिळाले तर डोळे आणि जीव दोन्ही वाचू शकतात.

त्यामुळे परवान्याच्या दुकानातूनच घ्या, महाराष्ट्रात विक्रीसाठी असल्याचं लेबलवर बघा, झाकणाचं सील आणि उत्पादन शुल्काचं लेबल शाबूत आहे का ते बघा, आणि बिल मागा. महाराष्ट्रात रमसाठी वयाची अट २५ आहे आणि पिण्याचा परवाना लागतो. एक दिवसाचा ५ रुपयांत, कायमचा १००० रुपयांत. कुणी विचारत नाही हे खरं, पण कायदा आहे.

आणि गाडीचं. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. एका लार्ज पेगमध्ये बरेच जण ती ओलांडतात. शेतातून परत येताना रस्त्यावर बिनलाईटचे उसाचे ट्रॅक्टर आणि केळीचे ट्रक असतात हे तुम्हाला मी काय सांगणार. पार्टी ठरली की चालवणारा कोण ते आधी ठरवा, बाटली कोणती ते मग. त्या चालवणाऱ्याला भरीत मात्र दुप्पट वाढा.