उन्हात दिसणारा पडदा

ब्रिक गेमच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, हे आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही. उजेड नाही तर दिसायचं कसं? दिसायचं, कारण उजेड बाहेरून यायचा. करड्या-हिरवट काचेवर काळे चौकोन, रुंदीला दहा आणि उंचीला वीस, एवढाच तो पट. बाजूच्या अरुंद पट्टीत स्कोअर, स्पीड, लेव्हल आणि पुढे कुठला ठोकळा येणार त्याची छोटी आकृती. दिवसा ऊन नाहीतर रात्री ट्यूबलाईट, दोन्हींपैकी काहीच नसेल तर खेळ थांबला. पुण्याकडे गुरुवारी लाईट जायची. त्या दिवशी आम्ही भावंडं घरातल्या अंधारातून उठून उंबऱ्यावर येऊन बसायचो, ते उकाडा होतो म्हणून नव्हे.

नव्वदच्या दशकातलं खडकवासला मला आठवतं ते असं उंबऱ्यावरून, पायरीवरून, धरणाच्या कडेवरून. बाबा केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात नोकरीला होते आणि आम्ही वसाहतीत राहायचो. दादाचा ब्रिक गेम पुण्याहून, तपकीर गल्लीतून आला. बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे रेडिओच्या सुट्या भागांपासून कॅल्क्युलेटरपर्यंत सगळं मिळण्याचं ठिकाण. खोक्यावर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात खेळ डझनभर. ठोकळे, गाड्यांची शर्यत, रणगाडे, रस्ता ओलांडणारा बेडूक, साप, विटा फोडायचा चेंडू. बाकीचा आकडा त्याच खेळांचा वेग आणि पातळी बदलून भरलेला. तरीही फसवणूक झाली असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. एका ठोकळ्यांच्या खेळातच सगळी सुट्टी जाईल इतकं होतं.

खेळ एक आणि खेळणारे अनेक, त्यामुळे नियम आपोआप ठरले. आउट झालं की गेम पुढच्याच्या हातात. मालक दादा असला तरी त्यालाही रांग लागायची. ज्याची पाळी नाही तो नुसता बसून राहायचा असंही नव्हतं. पाच-सहा डोकी एका तळहाताएवढ्या पडद्यावर वाकलेली असायची आणि सगळे एकदम ओरडायचे, ‘डावीकडे! डावीकडे घे! दांडीची जागा ठेव!’ चार घरांची उभी दांडी. ती बसेल अशी एक उभी चीर राखत चार ओळी रचायच्या, मग दांडीची वाट बघायची, आणि ती आली की चारही ओळी एकदम गायब. ती वेळेवर आली नाही तर रचलेलं सगळं वर चढत जाऊन छताला टेकायचं. दांडी आल्यावर जो एकच गलका व्हायचा तो खेळणाऱ्याएवढाच बघणाऱ्यांचाही असे. मी वयाने लहान, त्यात मुलगी, म्हणून माझी पाळी बहुतेक शेवटी यायची. त्या वाट बघण्यात मी खेळ शिकले. कुणाचा हात कुठे अडखळतो, कोण घाबरलं की डाव्या बाजूला ढीग करतो, हे मला पाठ झालं होतं.

पेन्सिल सेल हा घरातला वादाचा विषय होता. दोन सेल लागायचे. ते उतरायला लागले की चौकोन फिके पडत, पडदा तिरका धरावा लागे, बीपचा आवाज चिरका होई. मग सेल काढून उन्हात ठेवायचे. तापल्यावर ते थोडा वेळ जीव धरतात हा अनुभव सगळ्या वसाहतीचा होता. त्यानेही भागलं नाही तर भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर जायची. आई घड्याळ बंद पडलं की वर न बघता दादाला हाक मारायची. नवे सेल पगार झाल्यावर.

रविवारी संध्याकाळी आम्ही धरणाकाठच्या चौपाटीवर जायचो. तेव्हाही गर्दी असायची. कणसं भाजणाऱ्यांच्या पाट्या, भज्यांचे घाणे, सिंहगडावरून उतरलेली माणसं, स्वारगेटला जाणाऱ्या पीएमटीसाठी ताटकळलेली कुटुंबं. पलीकडच्या काठाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा परिसर, त्याच बाजूला ऊन कलायचं. इथे गंमत अशी की पडदा दिसायला ऊन पाठीकडून यावं लागतं, म्हणजे खेळायचं तर पाण्याकडे पाठ करून बसावं लागे. मोठी माणसं पाण्याकडे तोंड करून आणि आम्ही त्यांच्याकडे तोंड करून, असे समोरासमोर. आजीला हे फार आवडायचं. ती म्हणायची, पोरांची तोंडं तरी दिसतात. सूर्य डोंगराआड गेला की चौकोन विरघळत जायचे आणि कुणी ‘पुरे आता’ म्हणायच्या आधीच खेळ संपायचा.

पडद्याला स्वतःचा उजेड नसणं ही केवळ स्वस्ताई नव्हती, त्यामागे एका माणसाचा विचार होता हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. निन्टेन्डोचे गुनपेई योकोई. त्यांनी १९८० साली ‘गेम अँड वॉच’ आणला, तो कॅल्क्युलेटरमुळे स्वस्त झालेल्या काचा आणि चिप वापरून. अंगठ्याखालचं अधिकचिन्हासारखं बटण १९८२ च्या त्यांच्याच ‘डाँकी काँग’मध्ये आलं. नव्या, महागड्या तंत्रामागे धावण्यापेक्षा मुरलेलं, हाताळून झालेलं तंत्र घ्यावं आणि त्याचा अनपेक्षित उपयोग करावा, असं त्यांचं म्हणणं. १९८९ चा गेम बॉय याच विचारातून घडला. हिरवट पडद्यावर १६० गुणिले १४४ ठिपके, चार छटा, उजेड नाही, चार पेन्सिल सेलवर पंधरा-एक तास चाल. त्याच काळात सेगाचा गेम गियर रंगीत होता, मागून उजळलेला होता, आणि सहा सेल चार-पाच तासांत खाऊन टाकायचा. जगाने कुणाला उचललं? गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांवर खपले.

आणि ठोकळ्यांचा खेळ मॉस्कोचा. अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात तो लिहिला. त्या यंत्रावर चित्रं काढायची सोयच नव्हती, म्हणून त्यांनी ठोकळे कंसाच्या खुणांनी रचले. अमेरिकेत गेम बॉयबरोबर तोच खेळ खोक्यात घालून दिला गेला. आमच्या हातातला ब्रिक गेम म्हणजे या सगळ्याची दूरची, स्वस्त नक्कल, पण मुळातली गोष्ट तिच्यात शाबूत होती. कंसांनी बनला काय आणि काळ्या चौकोनांनी बनला काय, ठोकळा ठोकळाच राहतो.

दोनशे चौकोनांत एवढं जग मावतं याचं आम्हाला नवल वाटलं नाही, त्याचं एक कारण वसाहतच असावी. १९१६ पासून चालत आलेल्या त्या संशोधन केंद्रात बंदरं, नद्या, धरणाचे सांडवे लहान प्रमाणात बांधतात, त्यांतून खरं पाणी सोडतात आणि मोठ्या पाण्याचं वागणं त्यावरून ओळखतात. बाबा आम्हाला एकदा प्रतिकृती दाखवायला घेऊन गेले होते. गुडघ्याएवढ्या भिंतीचं बंदर, त्यात बोटभर लाटा, आणि त्या लाटांकडे गंभीरपणे बघणारी मोठी माणसं. लहान आकाराच्या गोष्टीकडे पूर्ण लक्ष देऊन बघायचं असतं, हे मी तिथे पाहिलं.

मग मस्कतहून मामा आला तो गेम बॉय अ‍ॅडव्हान्स घेऊन. जांभळट, आडवा, दोनच सेलवर चालणारा. २००१ चं हे यंत्र, रंगीत पडदा, पण स्वतःचा उजेड अजूनही नाही. दोन वर्षांनी आलेल्या मिटणाऱ्या ‘एसपी’मध्ये तो आला, आमच्याकडे पहिलाच राहिला. त्याबरोबर एक कॅसेट होती, पोकेमॉन रुबी. आम्ही कार्ट्रिजला कॅसेटच म्हणायचो आणि अडली की फुंकर मारायचो. टीव्हीवर पोकेमॉन लागायचं, चिप्सच्या पाकिटांतून टॅझो निघायचे, त्यामुळे घराबाहेर चपलांचा ढीग पडू लागला. पकडलेल्या प्राण्यांना नावं देता येत होती. आम्ही वसाहतीतल्या सगळ्यांची टोपणनावं देऊन टाकली. आमच्यातला जो कायम शेवटी उगवायचा त्याचं नाव स्लॅकॉथला दिलं, कारण तो एक डाव लढून दुसऱ्या डावाला झोपा काढतो. त्याने आधी रुसून, मग हट्टाने त्याच प्राण्याला वाढवून सगळ्यांत ताकदवान केलं.

ती कॅसेट माझ्याकडे आहे. आजही चालते. पण चालू केल्यावर आधी एक सूचना येते की आतला सेल संपला आहे, खेळता येईल, मात्र घड्याळावर अवलंबून असलेल्या गोष्टी आता घडणार नाहीत. कॅसेटच्या पोटात एक चपटा सेल असतो, तो खेळातलं घड्याळ चालवतो. त्या घड्याळावर पेरलेली फळझाडं वाढायची. समुद्रकाठच्या एका गुहेत दर सहा तासांनी भरती-ओहोटी व्हायची, पाणी चढलं की काही वाटा बंद आणि उतरलं की उघड्या. आता झाडं आहेत तेवढीच आहेत आणि गुहेतलं पाणी एका जागी थांबलं आहे. सेल डाग देऊन बसवलेला असतो, तपकीर गल्लीत तो बदलून देणारी माणसं आहेत. पण झाडं पुन्हा लगेच वाढू लागावीत तर सहसा खेळ पहिल्यापासून सुरू करावा लागतो आणि जुना खेळ पुसला जातो. म्हणजे ती सगळी नावं जातात. मी पुसलेला नाही, पुसणारही नाही. पावसाळ्यात धरण १.९७ टीएमसीला टेकून मुठेत विसर्ग सुरू झाला, भिडे पूल पाण्याखाली गेल्याच्या बातम्या आल्या, की मी हटकून ती कॅसेट लावते. अडकलेल्या भरतीसकट ती मला हवी आहे.

खडकवासला २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं. धायरी, नांदेड, किरकटवाडी यांमधली शेतं इमारतींखाली गेली आणि रविवारी सिंहगड रस्त्यावर गाडी हलत नाही. चौपाटीवर कणसं आहेत, भजी आहेत, माणसं तेव्हापेक्षा कितीतरी जास्त. अंधार पडला तरी कुणी उठत नाही. काठावर, गाड्यांच्या बोनेटवर, बंद काचांआड पडदे उजळलेले असतात. आजच्या मुलांना मी नावं ठेवणार नाही. माझा भाचा फोनवर बीजीएमआय खेळतो तेव्हा कानाला हेडफोन लावून तिघांशी अखंड बोलत असतो, त्यातला एक नाशिकला आहे, एक नागपूरला. त्यांच्या हाका मला आमच्या ‘दांडीची जागा ठेव’सारख्याच ऐकू येतात. सोबत आहे, ईर्ष्या आहे, हरल्यावरची चिडचिड आहे. पण शेजारी बसलेल्याला त्यात जागा नाही. मी त्याच्या खांद्याशी वाकून बघायला गेले तर त्याला ते पाळत ठेवल्यासारखं वाटतं. आमच्याकडे वाकून बघणं हाच अर्धा खेळ होता.

दुसरा फरक संपण्याचा. ब्रिक गेमला अखेर होती: ठोकळे वर टेकले, सेल उतरले, ऊन गेलं, पाळी संपली. यातलं काहीही फोनमध्ये नाही. खेळ बंद करायचा निर्णय रोज, दर वेळी, त्या मुलाने एकट्याने घ्यायचा. आम्हाला तो कधी घ्यावाच लागला नाही. सूर्य घ्यायचा, घड्याळाचा सेल घ्यायचा, रांगेतला पुढचा मुलगा घ्यायचा. बारा-तेरा वर्षांच्या पोरावर एवढं ओझं टाकून वर त्याला ‘तुला संयमच नाही’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, आणि हे मी भाच्याच्या आईला, माझ्या बहिणीला, अनेकदा बोलून दाखवलं आहे.

जुनी हातातली यंत्रं पुन्हा आवडीने घेतली जातायत, हे बघून बरं वाटतं. गेम बॉयच्या आकाराची नवी यंत्रं आली आहेत. जुन्या अ‍ॅडव्हान्समध्ये मागून उजळणारा नवा पडदा बसवून मिळतो आणि चित्र खरंच देखणं दिसतं. मला तो बसवून घ्यायचा मोह झालेला नाही. माझं खेळायचं ठिकाण गच्ची आहे, वेळ दुपारी चार ते ऊन असेपर्यंत.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून असा एखादा खोका निघाला तर भंगारात टाकू नका. आधी मागचं झाकण उघडून सेल बाहेर काढा, कारण पाझरलेला सेलच या यंत्रांचा जीव घेतो, पडणं-आपटणं त्यांनी कधीच मनावर घेतलं नाही. स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर चढला असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, स्प्रिंग तुटलीच असेल तर दुरुस्तीवाला दुसरी लावून देतो. बटणांखालचं रबर धुळीने दबलं असेल तर खोलून पुसलं की उठतं. पडद्यावर चौकोनांची आख्खी ओळ उमटत नसेल तर बहुधा काचेला जोडणारी पट्टी सुटलेली असते, तेही जाणत्या हाताला जमण्यासारखं काम आहे. नवे दोन सेल घाला, उंबऱ्यावर नाहीतर गच्चीत बसा आणि घरातल्या पोरांना हाक मारा. पहिली पाळी त्यांना द्या.