हरल्यावर काय मोडावे?

सातत्याचे गोडवे गाणाऱ्या माणसांची मला थोडी भीतीच वाटते. त्यांना मी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची गोष्ट सांगतो.

या संघाचा बचाव काटकसरी गृहिणीसारखा! चेंडू ज्याच्या हाती, त्याला एकाने भिडायचे. बाकी चौघांनी आत दाटीने उभे राहून बास्केटची वाट अडवायची. दुरून फेकता? खुशाल फेका! २०१८ च्या हंगामात देशात सर्वांत कमी गुण त्यांनीच दिले. आणि त्याच मार्चमध्ये, यूएमबीसी या सोळाव्या मानांकित संघाने मध्यंतरानंतर ५३ गुण लुटून या अव्वल संघाला ७४-५४ असे लोळवले. दुरूनचे नेम लागत गेले. भरवशाचा हंटर मनगट मोडून बाहेर बसलेला. पुरुषांच्या स्पर्धेत असे कधीच घडले नव्हते. जग हसले.

प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी चढाईत फेरफार केले; वडिलांनी घडवलेला बचाव मात्र मोडला नाही. २०१९ च्या अंतिम सामन्यात हंटरने २७ गुण केले आणि जादा वेळेत टेक्सास टेकला ८५-७७ असे हरवून तोच संघ विजेता ठरला.

प्रगतिपुस्तकात एक तांबडी रेघ दिसताच आपण मुलाची शिकवणी, खेळ, झोप सारेच बदलतो. त्याआधी जपण्यासारखे काय आहे, तेवढे पाहावे!