अल्प मुदतीची विद्या

सरकारी दप्तरात प्रशिक्षणाची मोजदाद दिवसांनी होते. किती दिवस चालले, किती इसम हजर होते, किती दाखले वाटले, एवढा तक्ता भरला म्हणजे प्रकरण निकालात निघते. आणि ज्या मुलांकरिता हा सारा खटाटोप, त्यांच्या पदरात काय पडले हे लिहावयास त्या तक्त्यात रकाना नसतो. म्हणूनच क्रीडोपचारासारखी, म्हणजे खेळाच्या वाटेने मुलांच्या मनावर उपचार करण्याची, जिच्या अभ्यासात तज्ज्ञांची वर्षेच्या वर्षे खर्ची पडतात अशी विद्या, अंगणवाडीच्या ताईंना आणि शाळेच्या गुरुजींना थोडक्या मुदतीत शिकवू, असे कोणी म्हणू लागले की विवेकी माणसाच्या कपाळावर आठी पडते. ती आठी अस्थानी नाही. परंतु थोडक्या मुदतीत नेमके काय शिकवावयाचे हे ठरविल्याखेरीज तिलाच अखेरचा निवाडा समजणे न्यायाचे होणार नाही.

जालना जिल्ह्याच्या उत्तरेस, भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या सान्निध्यात धावडा हे गाव आहे; तेथे पाहिलेला एक प्रसंग या प्रश्नाला धरून आहे. महानुभावांचे जाळीचा देव हे तीर्थ याच मुलखातले. तेथल्या जाळीत श्रीचक्रधरांनी वाघाच्या पिलांना खेळविले, अशी भाविकांची श्रद्धा आहे. मका, कपाशी आणि मिरची यांवर गुजराण करणारा हा मुलूख पावसाच्या लहरीवर जगतो, आणि मराठवाड्यातल्या कितीएक घरांप्रमाणे इकडचीही काही घरे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात. बिऱ्हाड पाठीवर घेतले जाते, पण सगळीच मुले काही बिऱ्हाडात मावत नाहीत, एखादे आजीपाशी ठेवले जाते.

अशाच एका मुलाला अंगणवाडीच्या ओसरीवर खेळताना मी पाहिले. पोळ्याचे मातीचे दोन बैल त्याने जपून ठेवले होते, त्यांतल्या एकाचे शिंग मोडलेले, गाडी काड्यापेटीची. गाडीत त्याने बाटलीचे झाकण ठेवले, चिंध्यांची वळकटी ठेवली, दोन चिंचोके ठेवले, आणि तिसरा चिंचोका फरशीच्या भेगेत बसवून गाडी हाकलली. गाडी भिंतीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. तिसरा चिंचोका जागचा हलला नाही. नुकतेच असे अल्प मुदतीचे प्रशिक्षण घेऊन आलेल्या ताई शेजारी बसल्या होत्या. “अरे, त्यालाही घे की गाडीत,” हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलेले मला स्पष्ट दिसले, कारण ते माझ्याही ओठांवर आले होते, पण ते गिळून त्या एवढेच म्हणाल्या, “एक इथंच राहिला.” पोराने मान वर केली नाही. “गाडीत जागाच नाही त्याला,” तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, “लै रडतो तो.” ताई म्हणाल्या, “लै रडतो.” मग गाडी पुन्हा निघाली.

यात उपचार तो कोणता, असे कोणी विचारील. चिंचोका उचलून गाडीत बसविला असता तर समाधान मोठ्या माणसाचे झाले असते; पोराला मात्र एवढेच कळले असते की, ही गोष्ट येथे बोलावयाची नाही. व्हर्जिनिया ॲक्सलाइन या अमेरिकन विदुषीने १९४७ साली क्रीडोपचारावरील आपल्या ग्रंथात जी आठ तत्त्वे मांडली, त्यांचा रोख याच संयमाकडे आहे: मुलाला आहे तसे स्वीकारावे, त्याची भावना ओळखून त्यालाच परत ऐकवावी, त्याच्या खेळाला दिशा देऊ नये, घाई करू नये, आणि मर्यादा घालावयाच्या त्या जरूर तेवढ्याच. ज्या समाजात मूल दिसताच त्याला पाढे विचारण्याचा शिरस्ता आहे, त्या समाजात ही तत्त्वे वाचावयास सोपी आणि पाळावयास फार अवघड आहेत.

तज्ज्ञ नसलेल्या माणसांना ही रीत शिकविता येते, हा अनुभव नवा नाही. बर्नार्ड गर्नी यांनी १९६४ साली आईबापांनाच आपापल्या मुलांशी असे खेळावयास शिकविण्याची पद्धत मांडली; पुढे गॅरी लँडरेथ यांनी ती दोन-दोन तासांच्या दहा बैठकींत बसविली. या वीस तासांचे मर्म त्यांच्या आकड्यात नसून मांडणीत आहे. बैठक आठवड्यातून एकदा. दोन बैठकींच्या मध्ये एकाच मुलाबरोबर अर्धा तास खेळावयाचे, आणि जे घडले ते पुढल्या बैठकीत सर्वांसमक्ष तपासावयाचे. तेच वीस तास तालुक्याच्या सभागृहात लागोपाठ तीन दिवसांत उरकले, तर वह्या भरतात, सवय बदलत नाही.

साधनांची अडचण पुढे करण्याचे मात्र आम्हांस कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे बालशिक्षण उभे केले, त्यात शंख, शिंपले, पाने, खडे हीच साधनसामग्री होती. धावड्यात चिंचोके आहेत, कपाशीची बोंडे आहेत, दाणे काढलेली मक्याची कणसे आहेत. दुर्भिक्ष आहे ते वेळेचे. वजने, लसीकरण, पोषण आहार, गृहभेटी आणि त्या साऱ्यांच्या नोंदी एकट्या ताईंच्या माथी. त्यांतून एका मुलासाठी आठवड्याला अर्धा तास वेगळा काढण्याची मुभा वरून मिळाल्याशिवाय हे प्रशिक्षण कागदावरच राहणार.

मर्यादा मात्र निःसंदिग्ध शब्दांत सांगितली पाहिजे. ज्या मुलाची वाचा बसली आहे, ज्याच्या खेळात मारहाण किंवा त्याहून भयंकर काही वारंवार डोकावते, त्याला खोदून खोदून विचारणे ताईंचे काम नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, जिल्हा रुग्णालय आहे; अशा मुलाला त्यांच्याकडे पाठवावे. आणि लैंगिक अत्याचाराचा संशय असल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांस खबर देणे बंधनकारकच केले आहे. अर्धवट शिकलेल्या माणसाने अशा जखमेत बोट घालणे हे न शिकलेल्याच्या अज्ञानाहून अधिक घातक होय.

तेव्हा प्रशिक्षण अल्प मुदतीचे असण्यास हरकत नाही. ते आठवड्यांच्या अंतराने पसरावे, मध्ये प्रत्यक्ष खेळ असावा, आणि अखेरीस जो दाखला द्यावयाचा त्यावर धारकास काय येते त्याच्या खाली, त्याने काय करू नये हेही तितक्याच ठळक अक्षरांत छापावे. अशा प्रशिक्षणातून उपचारक निपजणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही कोणी धरू नये. आपल्या जिभेवर अर्धा तास ताबा ठेवणारे मोठे माणूस मात्र त्यातून तयार होऊ शकते. आणि असे माणूस आमच्या मुलांच्या वाट्याला आजवर इतके क्वचित आले आहे की, तेवढे जरी साधले तरी सरकारचा पैसा सत्कारणी लागला असे मी समजेन.