मोह गळतो तेव्हा

भंडारा जिल्ह्यातील पवनी म्हटले की आपल्याला जगन्नाथ टेकडी आठवते. १९६९-७० साली तेथे उत्खनन झाले आणि प्राचीन स्तूपाचे अवशेष उजेडात आले. ती टेकडी जरूर पाहावी. पण वैनगंगेच्या काठाने चैत्रात फिरलात, तर वाटेवरच्या एखाद्या शाळेतही डोकवा.

होळीच्या सुमारास इकडे पळस फुलतो. अंगावर पान नाही, फुले मात्र झाडभर. त्याच्या मागोमाग मोह. मोहाचे फूल रात्री उमलते आणि पहाटे गळते. म्हणून उजाडायच्या आत टोपली घेऊन सारे घर झाडाखाली. पोरेही जातात. शाळेच्या हजेरीपटावर हे लगेच दिसते!

याच दिवसांत शाळेच्या ग्रंथालयाचा हिशेब असतो. ग्रंथालय म्हणजे काय, दोन लोखंडी कपाटे आणि एक लांब टेबल. परीक्षा जवळ आली की ‘पुस्तके जमा करा’ अशी सूचना फळ्यावर लागते. मग दाखल नोंदवही उघडून एकेक क्रमांक पडताळायचा. मी गेलो त्या दिवशी आठवीच्या मुली हे काम करत होत्या. पुस्तके झटकून व्हरांड्यात सावलीत मांडलेली. उन्हात नाही, कारण कडक उन्हाने कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. कसर लागू नये म्हणून पानांत वाळलेला कडुलिंब. फाटलेल्या पाठी चिकटवायला घरची खळ, आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर खळीच्या वासाने किडेच येतात. हे मोरचुदाचे काम बाई स्वतः करतात, मुलींना हात लावू देत नाहीत, कारण ते विषारी.

मोजणी झाली की बहुतेक शाळांत कपाटाला कुलूप लागते, ते विदर्भात थेट जूनअखेर निघते. म्हणजे पोरांना वेळ असतो तेव्हाच पुस्तक नाही. गुरुजींनाही दोष कसा द्यावा? हरवलेल्या पुस्तकाची किंमत खिशातून भरावी लागेल ही धास्ती असते. या शाळेतल्या बाई मात्र मोजणी उरकली की प्रत्येकाला दोन पुस्तके सुटीसाठी देतात. “चार-दोन परत येत नाहीत. पण कपाटात राहिली तरी कसर खातेच ना? पोराने फाडले तर निदान वाचून तरी फाडले,” त्या म्हणाल्या.

मला केळुस्कर गुरुजी आठवले. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा भीमराव त्यांनी हेरला, आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती दिले. परीक्षा संपल्यावर मिळालेले पुस्तक होते ते! पुढचे आपण जाणतोच.

एका मुलीने जाडजूड गोष्टींचे पुस्तक निवडले. मे महिन्यात तिचे घर तेंदूपत्ता तोडायला जंगलात जाणार होते. “तिथं कधी वाचशील गं?” मी विचारले.

“दुपारी पुडे बांधून झाले की आई झोपते, तेव्हा,” ती म्हणाली, आणि पुस्तक पॉलिथिनमध्ये गुंडाळू लागली.