मधे जागा सोडा

दर रविवारी सकाळी आठ वाजता सोलापुरात आमच्या ओळखीतल्या एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत हॅम रेडिओ क्लबची हजेरी होते. तिला ते ‘नेट’ म्हणतात. इंटरनेटशी त्याचा काही संबंध नाही. एक जण कंट्रोल असतो, तो एकेकाला हाक मारतो आणि ज्याला हाक आली तो आपापल्या घरून बोलतो. आवाज नीट येतोय का, वाऱ्याने अँटेना वाकली का, कोणी काय नवीन बनवलं. एवढंच. जूनपासून मी आठवीची अकरा मुलं तिथे घेऊन जातेय.

पहिल्या दिवशी मुलं कंटाळली. खरं सांगते, मीही कंटाळले. एक जण तर तोंडावर म्हणाला, “मॅडम, हे व्हॉट्सअॅपच आहे की, फक्त आवाज खराब.”

क्लबमधले सर्वांत जुने सभासद तार खात्यातून निवृत्त झालेले काका आहेत. ते रागावले नाहीत. त्यांनी मुलांना विचारलं, “आपण १४५ मेगाहर्ट्झवर बोलतोय. मग एक लाट केवढी असेल?” मी गेली सोळा वर्षं फळ्यावर वेग, तरंगलांबी आणि वारंवारता यांचं सूत्र लिहितेय. पण त्या सूत्रातून वायर कापता येते, हे कधी सुचलं नव्हतं. ३०० भागिले १४५, म्हणजे साधारण २ मीटर ७ सेंटिमीटर. म्हणून याला ‘दोन मीटरचा बँड’ म्हणतात. अँटेना त्याच्या चौथ्या भागाची, म्हणजे सुमारे ५२ सेंटिमीटर. मुलांनी पट्टी लावून तांब्याची वायर कापली, काकांनी ती सेटला जोडली आणि मघाशी खरखरत असलेला आवाज स्वच्छ झाला. भागाकार चुकलेल्या गटाची वायर निम्मीच निघाली. तीही जोडून पाहिली. त्या गटाला त्या दिवशी जे कळलं, ते मी दहा तास बोलून सांगू शकले नसते.

पुढे ऑगस्टमध्ये ‘फॉक्स हंट’ झाला. एक छोटा ट्रान्समीटर शाळेच्या आवारात लपवायचा आणि मुलांनी तो शोधायचा. पीव्हीसी पाइपावर स्टीलच्या मेजरिंग टेपचे तुकडे लावून क्लबच्या लोकांनी दिशा दाखवणाऱ्या अँटेना बनवल्या होत्या. लांबून त्या छान चालतात. अगदी जवळ गेलं की सिग्नल इतका जोरात येतो की सगळ्या दिशा सारख्याच वाटतात. तिथे सगळे अडकले. मग कायम शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाने सेट छातीशी धरला आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरला. पाठ ट्रान्समीटरकडे झाली की शरीराचा आडोसा होतो आणि आवाज बारीक होतो. जिथे सर्वांत बारीक झाला, तिथे तो थांबला, मागे वळला आणि सरळ पाण्याच्या टाकीकडे चालू लागला. हे त्याला कोणीही शिकवलेलं नव्हतं.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. नेट ऐकताना एक गोष्ट मला सारखी खटकायची. एकाचं बोलणं संपलं तरी दुसरा लगेच बोलत नाही. दोन-तीन सेकंद नुसती शांतता. मला वाटायचं, ही वयस्कर माणसं, होत असेल उशीर. शेवटी काकांना विचारलं.

ते म्हणाले, “बटण दाबून बोलत असतो तेव्हा आपल्याला काही ऐकू येत नाही. आपण दोघं पाठोपाठ बोलत राहिलो, तर मदत मागणारा आत येणार कुठून? म्हणून मधे जागा सोडायची. कुणाला अडचण असेल तर तो तेवढ्यात ‘ब्रेक’ म्हणतो. मग बाकी सगळे गप्प.” थोडं थांबून म्हणाले, “किल्लारीच्या वेळी ही सवय नीट लागली.”

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमच्या घरातली भांडीसुद्धा वाजली होती. मी तेव्हा सहावीत होते. मावशी सास्तूरला दिलेली. फोन लागत नव्हते, आणि तिसऱ्या दिवशी बाबा परत येईपर्यंत आम्हाला काहीच कळलं नाही. मावशी वाचली होती, तिच्या सासूबाई गेल्या. त्याच दिवसांत राज्यातले आणि बाहेरचेही हॅम आपापले सेट घेऊन लातूर-उस्मानाबादकडे कामाला लागले होते. काका इथे सोलापुरात सेटपुढे बसून निरोप कागदावर उतरवत होते. हे मला तीस वर्षांनी कळलं. त्या कागदांत आमच्या मावशीचं नाव होतं का, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारावंसं वाटलं, पण नाही विचारलं.

सोमवारी वर्गात गेले आणि स्वतःला ऐकलं. माझं बटण तास संपेपर्यंत दाबलेलंच! प्रश्न विचारते आणि कोणी तोंड उघडायच्या आत उत्तरही मीच देते. वर “कळलं ना?” म्हणते. मनात तीन आकडे मोजून थांबायचं ठरवलं. शिक्षक मित्रांनो, करून बघा, फार अवघड जातं. पहिल्या आठवड्यात मुलांना वाटलं मॅडम चिडल्यात.

पालक विचारतात, याचे मार्क किती? शून्य. काही जण सेट विकत घ्यायला निघाले होते, त्यांना मी थांबवलं. आपल्याकडे लायसन्स नसताना सेट बाळगता येत नाही की त्यावर बोलता येत नाही. वय १२ पूर्ण हवं आणि दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. त्यातल्या ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीला मोर्सची अट नाही. आमच्या तिघांची तयारी चालू आहे, बाकीचे सध्या फक्त ऐकतात. मला ते बरंच वाटतं.

मागच्या महिन्यात तरंगांचा धडा चालू होता. मी प्रश्न टाकला आणि थांबले. एक, दोन, तीन. खिडकीजवळची मुलगी, जून महिन्यापासून हजेरीशिवाय तिचा आवाज मी ऐकला नव्हता, हळूच म्हणाली, “मॅडम, ब्रेक.” सगळा वर्ग गप्प. “भूकंपात मोबाइलचा टॉवर पडतो, मग काकांची अँटेना का पडत नाही?”

मला उत्तर सुचलं नाही. रविवारी तिनेच काकांना विचारलं.

“पडते की,” काका म्हणाले. “पडली तर वीस मीटर वायर घ्यायची, दगड बांधून झाडावरून टाकायची आणि गाडीच्या बॅटरीवर सेट लावायचा. मधे कुणाचा टॉवर लागत नाही.”

ती लगेच गच्चीच्या कठड्याकडे गेली आणि खाली वाकून कडुनिंब किती उंच आहे ते बघू लागली.