मारलंस ना? मग पळ!

सॉफ्टबॉलचा बॉल सॉफ्ट नसतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. १८८७ मध्ये शिकागोच्या एका बोट क्लबात काही मंडळींनी बॉक्सिंगचा ग्लोव्ह दोरीने बांधून बॉल केला आणि काठीने हाणला, तिथून हा खेळ निघाला. तेव्हा असेल मऊ. आताचा १२ इंच घेराचा बॉल बोटांवर बसला की सोमवारी माऊस धरवत नाही, बॉस!

आमच्या पवईच्या ऑफिसात अमेरिकन क्लायंटच्या टीमशी दोस्तीची मॅच ठरली. मुलं-मुली एकत्र, घरचेही चालतील. टीममध्ये सगळे क्रिकेटचे पंडित, सॉफ्टबॉलचा गंध कोणालाच नाही. मला मात्र वहिनी आठवली. ती जळगावची. तिकडे, अमरावतीकडे हा खेळ शाळा-कॉलेजांत चांगला रुजलाय. वहिनी कॉलेजच्या टीमची पिचर होती. लग्नाच्या बायोडाटात त्याचं नुसतं 'आवड : खेळ' झालं. मग नोकरी, पिल्लू, जेव्हीएलआरचं ट्रॅफिक... ग्लोव्ह गेला माळ्यावर. बारा वर्षं!

''वहिनी, शिकवशील?'' विचारायचा अवकाश, रविवारी सकाळी साडेसहाला ती मैदानात हजर.

बेसिक फंडा सोपा आहे. एका बाजूला ९ खेळाडू, ७ इनिंग. तीन जण आउट झाले की बॅटिंग बदलते. पिचर बॉल टाकणार हात खालून फिरवून, टप्पा न पाडता. बॉल प्लेटवरून, बॅटरच्या काखेच्या खाली आणि गुडघ्याच्या वर गेला की स्ट्राइक, मग तुम्ही बॅट फिरवा नाहीतर नुसते बघत उभे राहा. फिरवून हुकलात तर तो कुठूनही गेला तरी स्ट्राइकच. तीन स्ट्राइक, आउट. चार बॉल बाहेर पडले तर पहिला बेस फुकट. अंडरआर्म म्हणून हसू नका. चांगल्या पिचरचा बॉल ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो, आणि बायकांच्या खेळात पिचर उभी असते अवघ्या ४३ फुटांवर.

आमचे हाल झाले ते पुढेच. फाइन लेगला नाजूक ग्लान्स? फाउल! लेट कट? तोही फाउल! पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या रेषांच्या आतच मारायचं. वर पहिले दोन फाउल स्ट्राइक म्हणून अंगावर.

आणि मारलं की पळायचं. 'नो, नो, थांब!' ही सोयच नाही. बॅट टाकायची (फेकायची नाही) आणि पहिला बेस गाठायचा. तुमच्याआधी बॉल तिथल्या फिल्डरच्या हातात पोचला आणि त्याचा पाय बेसवर असला की खेळ खलास. त्या बेसवर आधीच कोणी असेल तर त्यालाही जागा सोडून पुढे पळावंच लागतं, कारण एका बेसवर दोघं राहू शकत नाहीत. अंतर फक्त ६० फूट, क्रिकेटच्या २२ यार्डांपेक्षा कमीच. पण डिफेन्स करून क्रीझमध्ये उभं राहण्याची सवय पायांतून जाता जात नाही. घरी ''भावजी, चहा घेता ना?'' म्हणणारी वहिनी इथे ओरडायची, ''मारलंस ना? मग पळ रे!''

एक गोष्ट बेसबॉलपेक्षा वेगळी. पिचरच्या हातून बॉल सुटेपर्यंत बेस सोडायचा नाही. आमची एचआरवाली यात तीनदा आउट झाली.

वहिनीचे स्वतःचे पहिल्या रविवारचे बॉल कॅचरच्या डोक्यावरून गेले. ती काही बोलली नाही. त्या आठवड्यात रोज रात्री पिल्लू झोपलं की सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीवर धप्‌ धप्‌ सुरू. वॉचमनची तक्रार दादाने मिटवली.

हा खेळच तसा आत-बाहेर करणारा. ऑलिंपिकमध्ये बायकांचा सॉफ्टबॉल १९९६ ला आला, २००८ नंतर गेला, २०२१ च्या टोकियोत परतला, २०२४ ला पॅरिसमध्ये नव्हता. २०२८ ला लॉस एंजेलिसच्या यादीत पुन्हा आहे, आणि शेजारी चक्क क्रिकेटही!

मॅच आम्ही ९-३ अशी हरलो. पण चौथ्या इनिंगमध्ये त्यांचा सगळ्यात दांडगा बॅटर आला. वहिनीने तीन बॉल टाकले, तिन्ही स्ट्राइक. तिसऱ्याला तर त्याने बॅटही हलवली नाही. पिल्लूला खांद्यावर घेऊन उभ्या दादाने टाळी वाजवायला हात उचलला आणि मध्येच थांबून मला हळूच विचारलं, ''हा आता आउट झाला ना रे?''